दुसरं कारण: गोव्यात एलजीबीटी समुदायासाठी केंद्र सुरू करताना

गोव्यात अनोळखी माणसाशी बोलणं सुरू झालं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "तूं खंयचो?" म्हणजे तू कुठला? तिसऱ्या प्रश्नात वाडा निघतो, चौथ्यात वडिलांचं नाव, आणि पाचव्यापर्यंत तुमच्या मावशीचा दीर समोरच्याच्या बरोबर शाळेत होता हे सिद्ध झालेलं असतं. एरवी ही मौज आहे. पण समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशा) माणसांसाठी केंद्र काढायचं असेल तर पहिली अडचण हीच. मुंबईतला मुलगा लोकलच्या गर्दीत विरघळून केंद्रात पोचतो. डिचोलीहून पणजीला निघालेल्या मुलाला बसचा कंडक्टरच विचारतो, "आज सुट्टी काय रे?"

म्हणून केंद्राची जागा, पाटी, वेळ, नोंदवही, फोन यांतलं काहीही ठरवताना एकच कसोटी लावा. इथे येणाऱ्या माणसाला घरी सांगता येईल असं दुसरं कारण आपण देतोय का? आणि ते कारण खरं हवं. रचलेली थाप दोन महिन्यांत उघडी पडते. केंद्रात खरोखर पुस्तकं असतील, खरोखर वकील बसत असतील, फॉर्म भरून मिळत असतील, तर "पुस्तक बदलायला गेलो होतो" हे उत्तर वर्षानुवर्षं टिकतं.

ही कल्पना आली कुठून

नवीन कार्यकर्त्यांना इतिहास थोडा तरी माहीत हवा, कारण आजच्या केंद्रांचे गुण आणि खोडी दोन्ही तिथूनच आलेत. न्यूयॉर्कमध्ये जून १९६९ मध्ये स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली, लोकांनी प्रतिकार केला आणि चळवळीला वेग आला. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला एका जुन्या घरात समुदाय सेवा केंद्र सुरू झालं. तिथे भाषणं कमी आणि कामं जास्त होती: गुप्तरोगांचा दवाखाना, घरातून हाकललेल्यांना निवारा, समुपदेशन. न्यूयॉर्कचं केंद्र १९८३ मध्ये एका जुन्या शाळेच्या इमारतीत उभं राहिलं. एड्सच्या औषधांसाठी सरकारशी भांडणारी 'ॲक्ट अप' ही संघटना १९८७ मध्ये त्याच इमारतीतल्या एका सभेतून निघाली. बसायला छप्पर असलं की माणसं पुढचं काम स्वतः काढतात, हे तिथून शिकायचं.

आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक निघालं. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची नोंदणी झाली आणि पुढे महापालिकेच्या वाकोल्यातल्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. १९९५ मध्ये मुंबईतच स्त्रियांचा 'स्त्री संगम' गट सुरू झाला, १९९९ मध्ये कोलकात्यात 'साफो', तर २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट. समपथिकने बरंचसं काम मराठीत केलं आहे. मराठीत पत्रकं लिहायला बसाल तेव्हा शब्दांची चाचपडण त्यामुळे पुष्कळ कमी होईल.

आता खोड. या केंद्रांना पैसा मुख्यतः एचआयव्ही प्रतिबंधाच्या दारातून आला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ पासूनचा. त्यातल्या जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या 'टार्गेटेड इंटरव्हेन्शन'च्या म्हणजे कार्यकर्त्यांच्या भाषेत 'टीआय'च्या पैशांतून ड्रॉप-इन सेंटर, पिअर एज्युकेटर, आउटरीच वर्कर अशी सगळी रचना घडली. तिचं भलं खूप झालं. पण पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यांचीच गणती होत राहिली. लेस्बियन मुली आणि ट्रान्स पुरुष त्या रकान्यात बसतच नाहीत. तुमचं केंद्र फक्त टीआयच्या पैशावर चाललं तर सहा महिन्यांत ते निव्वळ पुरुषांची बैठक होईल. कोणी हाकललेलं नसतं, तरी मुली येईनाशा होतात.

गोव्याचा स्वतःचा धडा वेगळा आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीची लागण असल्याचं रक्तदानातून कळलं आणि त्या वेळच्या राज्याच्या कायद्याखाली त्याला म्हापशाला टीबीच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस डांबून ठेवलं. आईने कोर्टात दाद मागितली. सुटल्यावर त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करायला घेतली आणि १९९२ मध्ये त्याचं निधन झालं. एका चाचणीचा कागद चुकीच्या हाती पडला की काय होतं, हे गोव्याने देशात सगळ्यात आधी पाहिलंय. जुन्या पिढीला ते आठवतं. चाचणीचं नाव काढल्यावर पन्नाशीचा माणूस मागे सरला तर तो अडाणी आहे असं समजू नका.

आधी माणसं, मग जागा

जागा बघायच्या आधी सहा पक्के स्वयंसेवक हवेत, त्यातल्या निदान दोन बाया आणि एक ट्रान्स व्यक्ती. प्रत्येक वेळी दारात दोघं लागतात. एकटा माणूस बसला की एक तर तो आजारी पडतो नाहीतर त्याच्यावर आळ येतो. सहाजणांत एक तरी कोकणी सहज बोलणारा, एक मराठी आणि एक हिंदी-कन्नड सांभाळणारा असू द्या. किनाऱ्यावर आणि बांधकामावर काम करणारे पुष्कळजण बाहेरून आलेले असतात, आणि त्यांना केंद्राची गरज आपल्यापेक्षा जास्त असते.

नोंदणी सोसायटी म्हणून करायची तर किमान ७ सदस्य लागतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी दोन संचालकांवर होते, पण तिचा दरवर्षीचा हिशेब-कागदांचा खर्च छोट्या गटाला परवडत नाही. घाई असेल तर आधीपासून नोंदलेल्या एखाद्या स्थानिक संस्थेच्या छत्राखाली वर्षभर काम करा. मात्र पैसा कोणाच्या खात्यात, सही कोणाची आणि वेगळं होताना सामान कोणाचं, हे तीन मुद्दे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

पैशाबाबत गोव्यात एक खास सापळा आहे. किनाऱ्यावरचा परदेशी पाहुणा प्रेमाने पाच हजारांची नोट-गड्डी काढून देतो. घेऊ नका. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नव्या संस्थेला नोंदणी सहसा तीन वर्षं काम केल्याशिवाय मिळत नाही. इथवर बहुतेकांना माहीत असतं. फसगत पुढे होते. शेजारच्या वाड्यातला, आपल्याच शाळेतला, पण पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेला दोस्त कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिक आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही. याउलट दुबईला नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. म्हणून देणगीच्या पावतीवर "मी भारतीय नागरिक आहे" अशी ओळ छापून घ्या आणि सही घ्या. मेजावर बिननावाची दानपेटी ठेवूच नका. तिच्यात कोणी काय टाकलं ते सांगता येत नाही. प्राप्तिकराच्या कलम ८०जीची सवलत मिळाली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती लागू होत नाही, हेही देणाऱ्याला आधी सांगा.

दार उघडायच्या आधी सहा महिन्यांचं भाडं आणि वीजबिल बँकेत हवं. तीन महिन्यांत बंद पडलेलं केंद्र न काढलेल्या केंद्रापेक्षा वाईट. लोकांनी मोठ्या मुश्किलीने गोळा केलेलं धाडस त्यात वाया जातं आणि दुसऱ्यांदा ते येत नाहीत.

जागा

गृहनिर्माण सोसायटीतला फ्लॅट स्वस्त असतो, तरी टाळा. तिथे बाल्कनीत बसलेली एक आजी तुमच्या सगळ्या सभासदांची हजेरी घेते. पर्वरी किंवा ताळगावचा एकटा बंगलाही नको. त्या दारात शिरणारा माणूस तिथेच आलाय हे उघड दिसतं. हवी ती बसस्टँडजवळच्या व्यापारी इमारतीतली, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची खोली, जिच्या जिन्यावर दाताचा डॉक्टर, झेरॉक्सवाला, ट्यूशन क्लास, एलआयसी एजंट असे पाचसहा धंदे आहेत. एकच जिना, अनेक कारणं. मात्र लिफ्ट नसेल तर व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी महिन्यातून एक बैठक तळमजल्यावरच्या दुसऱ्या जागेत ठेवा.

अडीचशे-तीनशे चौरस फुटांत पंधरा माणसं बसतात. त्यात एक कोपरा असा वेगळा करावा लागतो जिथे दार लावून दोघांना बोलता येईल. प्लायवूडची भिंत पुरत नाही, आवाज जातो. आतल्या खोलीबाहेर पंखा आणि हळू आवाजात रेडिओ लावा, तेवढ्याने काम भागतं. संडास आपला स्वतःचा हवा आणि त्यावर बाई-पुरुष अशी पाटी नको. मजल्यावरचा सामायिक संडास असला तर ट्रान्स माणसं तासभर पाणी न पिता बसतात. मग डोकं दुखायला लागतं आणि ती लवकर उठून जातात. आपल्याला वाटतं, बैठक रंगली नाही.

बाहेरच्या पाटीवर संस्थेचं साधं नाव आणि खाली "वाचनालय व कायदेशीर सल्ला" एवढं पुरे. इंद्रधनुष्याचा झेंडा आत लावा, दारातून थेट न दिसेल अशा भिंतीवर. यात लाज कसली, असं काही कार्यकर्ते तावातावाने विचारतात. झेंडा कुठे लावायचा ते ज्याला घरी परत जायचंय त्याने ठरवावं. मालकाला मात्र पूर्ण खरं सांगा. अकरा महिन्यांच्या करारात वापराचा उद्देश स्पष्ट लिहून घ्या आणि भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात वेळेवर द्या. मालकाला तिसऱ्याकडून कळलं की करार संपायची वाट कोणी बघत नाही.

वेळ ठरवताना मुंबई-पुण्याची नक्कल करू नका. तिथे रविवार संध्याकाळ चालते. गोव्यात रविवारी खाजगी बसगाड्या कमी असतात, सकाळी मिसा, दुपारी घरचं जेवण, आणि शेवटची बस चुकली की गावात परतायला पायलट म्हणजे भाड्याची मोटरसायकल मिळेलच असं नाही. शनिवारी साडेतीन ते सहा ही वेळ कॉलेजच्या मुलांना बरी पडते. हॉटेल, शॅक आणि कसिनोत काम करणाऱ्यांची सुट्टी आठवड्याच्या मध्ये येते, म्हणून ऑक्टोबर ते मे मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी दोन तास उघडं ठेवा. म्हापशात केंद्र असेल तर शुक्रवार सोडू नका. बाजाराच्या दिवशी आख्खं बार्देश तिथे असतं, ओळखीची दहा माणसं भेटतात, पण "म्हापशाक कित्याक आयलो?" (म्हापशाला कशाला आलास?) असं एकही विचारत नाही. हातात चोरिसांची (गोव्याच्या सॉसेजची) माळ किंवा भाजीची पिशवी घेऊन घरी गेलं की झालं.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच करा. चार महिन्यांत कागदाला बुरशी येते, पुस्तकं फुगतात. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्या. कंडोमचे खोके भिंतीला टेकवून किंवा खिडकीशी ठेवू नका, उष्णतेने आणि ओलीने ते खराब होतात. तारीख बघूनच वाटा. आणि हे प्रत्येकाला तोंडाने सांगा, पत्रकावर विसंबू नका: खोबरेल तेल वापरायचं नाही. आपल्याकडे घराघरात बाटली हाताशी असते, पण कुठल्याही तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट कंडोमसोबतच द्या.

पहिली दहा मिनिटं

नवा माणूस सहसा बैठकीला वेळेवर येत नाही. आधी तो खाली झेरॉक्सच्या दुकानाशी दोन फेऱ्या मारतो, मग वर येऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "इथे ते... वाचनालय?" त्याला लगेच गोलात ओढू नका. पाणी द्या, पुस्तकांच्या कपाटाशी नेऊन उभं करा, खोलीत कोणकोण बसलंय ते त्याला लांबून बघू द्या. ओळखीचं कोणी असेल तर त्याला तेव्हाच कळायला हवं, आणि निघून जायचं असेल तर पुस्तक घेऊन जाता यायला हवं.

मराठीत बोलताना एक गोष्ट कान देऊन ऐकायची. माणूस स्वतःबद्दल "मी आलो" म्हणतो की "मी आले"? आपल्या भाषेत क्रियापदच सगळं सांगून टाकतं. समोरची व्यक्ती जे रूप वापरते तेच आपण वापरायचं, दिसण्यावरून ठरवायचं नाही. कळलं नसेल तर "तुम्ही कुठून आलात?" असं बोला. 'तुम्ही'चं क्रियापद लिंग उघड करत नाही. काहीजण घरचं कोणी जवळ असलं की 'आलो' आणि केंद्रात 'आले' म्हणतात. फोनवर ते कोणतं रूप वापरतायत त्यावरून आजूबाजूला कोणी आहे का तेही समजतं. कोकणीत तरुण मुलीला 'तें' म्हणणं सहज चालतं, पण मराठीत एकट्या व्यक्तीला नपुंसकलिंगी 'ते' म्हटलं तर काहींना टोचतं आणि काहींना तेच हवं असतं. त्यामुळे एकदा सरळ विचारलेलं बरं.

शब्दांचंही तसंच. 'तृतीयपंथी' सरकारी कागदांत चालतो, पण बऱ्याच ट्रान्स पुरुषांना तो आपला वाटत नाही. 'हिजडा' ही हिजडा समाजाच्या गुरू-चेला घराण्यातल्या माणसाची अभिमानाची ओळख असते. तुमच्या तोंडून मात्र तीच शिवी ठरू शकते. 'कोती' (बायकी वळणाचा पुरुष), 'पंथी' (त्याचा पुरुषी जोडीदार) हे शब्द आतले आहेत, कोणी स्वतःहून वापरले तरच तुम्ही वापरा.

नोंदवहीत खरं नाव, पत्ता नको. एक सांकेतिक क्रमांक, वय अठराच्या वर आहे की नाही, तालुका आणि कशासाठी आले, एवढे चार रकाने पुरतात. क्रमांक आणि फोन यांची जोडणी दुसऱ्या वहीत, कुलपात, आणि किल्ली दोघांकडेच. व्हॉट्सॲप ग्रुप करायची घाई करू नका. त्यात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो आणि एवढ्याशा गोव्यात नंबरावरून माणूस पाच मिनिटांत निघतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा.

फोन नंबर घेताना तीन प्रश्न विचाराच. कधी फोन केलेला चालेल? तुमच्या फोनमध्ये आमचा नंबर कोणत्या नावाने ठेवणार? आणि फोन आईने उचलला तर आम्ही काय म्हणायचं? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकजण पहिल्यांदा हसतात. उत्तर शब्दशः लिहून घ्या: "वाचनालयातून बोलतोय, पुस्तक परत करायची तारीख झाली." फोन करणाऱ्याने तेच वाक्य बोलायचं, स्वतःची भर घालायची नाही.

कोणत्या सेवा स्वतः द्यायच्या, कुठे पाठवायचं

पहिल्या वर्षी तीनच गोष्टी स्वतः करा: बसायची जागा, ऐकून घेणं आणि योग्य ठिकाणी पोचवणं. तपासणी, औषधं, कोर्टकचेरी यांसाठी सरकारी यंत्रणा आहे. तिथवर सोबत जाणारा माणूस देणं, हीच केंद्राची खरी सेवा.

एचआयव्ही चाचणी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीच्या सरकारी केंद्रात, मोफत होते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आणि म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांत ती सोय आहे, आणि १०९७ हा एचआयव्ही हेल्पलाइनचा राष्ट्रीय क्रमांक फुकट आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल फोडता येत नाही. माणसाला जवळचं केंद्र नको असेल तर म्हापशाच्याला मडगावला पाठवा, ती नखरेबाजी नसते. धोका कालच झाला असेल तर आज केलेली चाचणी काही सांगत नाही. शरीरात खूण दिसायला काही आठवडे जातात, म्हणून सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी करायला सांगा. पण ७२ तास उलटले नसतील तर चाचणीच्या गप्पा बाजूला ठेवून सरळ बांबोळीची वाट धरा. पेप नावाची, लागण रोखणारी औषधं त्या मुदतीतच सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस न चुकता घ्यायची असतात. शनिवारी रात्रीची घटना सोमवारी दुपारी कळते आणि निम्मी मुदत गेलेली असते. म्हणून '७२ तास' हा आकडा संडासाच्या दारावर आतून चिकटवा. तिथे सगळे एकटे असतात आणि वाचतात.

मनाच्या आजारासाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आणि पर्वरीला १९९६ पासून काम करणारी 'संगाथ' ही मोठी नावं, रात्रीबेरात्री टेली-मानसचा १४४१६. पाठवण्याआधी त्या डॉक्टर वा समुपदेशकाला फोन करून एकच प्रश्न विचारा: "मुलगा समलिंगी आहे असं कळल्यावर तुम्ही कशावर उपचार कराल?" उत्तरात 'त्याच्या नैराश्यावर' आलं तर नाव यादीत घ्या. 'बदलता येईल, बघू' आलं तर खोडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'बदलण्याचे उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरी जानेवारी २०१५ मध्ये गोव्याचं युवा धोरण जाहीर होताना अशा तरुणांना 'नॉर्मल' करणाऱ्या केंद्रांची भाषा मंत्र्यांच्याच तोंडी आली होती. देशभर टीका झाली, नंतर खुलासेही झाले. आईवडील मुलाला घेऊन येतात तेव्हा त्यांच्या मनात हेच केंद्र असतं, आणि तुमच्याबद्दल नुसतं 'केंद्र' एवढंच ऐकून ते आलेले असू शकतात. त्यांना झिडकारू नका, चहा द्या आणि दुसऱ्या पालकाची गाठ घालून द्या.

कायद्याचं एक पान तयार ठेवा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र मिळाला नाही. यामुळे जोडप्यांचे कागद हे केंद्राचं मोठं काम होऊन बसतं. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने खुलासा केला की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. तो खुलासा छापून ठेवा, शाखेतल्या क्लार्कने तो बहुधा पाहिलेला नसतो.

मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र बाहेरच्या वकिलाचा नमुना इथे चालत नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या कौटुंबिक कायद्याची चौकट गोव्यात अजून आहे आणि वारसाहक्काचा २०१२ चा कायदा तिच्यावरच बेतलेला. आईवडील किंवा मुलं हयात असतील तर माणसाला आपल्या मालमत्तेतल्या अर्ध्याच हिश्श्याची मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा त्यांचाच. "सगळं जोडीदाराला" असं लिहिलेलं मृत्युपत्र अर्ध्यावर अडकतं, आणि अडकल्याचं कळतं तेव्हा लिहिणारा हयात नसतो. जोडीला फ्लॅट घ्यायचा असेल तर खरेदीच्या वेळीच दोघांची नावं घाला. मृत्युपत्र सब-रजिस्ट्रार कार्यालयातल्या विशेष नोटरीपुढे करा, आणि ते गोव्याच्या कायद्यातल्या वकिलाकडूनच लिहून घ्या.

ट्रान्स व्यक्तींच्या ओळखपत्राची वाट २०२० च्या नियमांनी अशी घातली: राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, जिल्हाधिकाऱ्याकडून ३० दिवसांत प्रमाणपत्र. त्यात ज्या जिल्ह्यात अर्ज करायचा तिथे सलग बारा महिने राहिल्याची अट आहे. भाड्याच्या खोलीत करार न करता राहणाऱ्यांचा अर्ज नेमका तिथे अडतो. म्हणून केंद्रात येणाऱ्याला पहिल्याच महिन्यात भाडेकरार करून घ्यायला सांगा, अर्ज वर्षाने करायचा असला तरी. नियम बदलत राहतात, अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जे असेल तेच धरा. आधारवर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, असं झालं की पुढे पासपोर्टला खोळंबा होतो. नाव कसं लिहायचं ते अर्जाआधीच ठरवा, स्पेलिंगसकट.

बिघडतं कुठे

डेटिंग ॲपवरून भेट, मग चोरून फोटो, मग पैशांची मागणी: वर्षातून निदान एकदा हे दारात येतंच. पहिला हप्ता दिला की दुसरा मागितला जातो, म्हणून पैसे थांबवा, गप्पा पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे. समलिंगी असणं हा गुन्हा नाही, हे तक्रारदारालाच दोनदा सांगावं लागतं. ठाण्यात एकट्याला पाठवू नका. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे.

सज्ञान मुलगी घर सोडून आली आणि घरच्यांनी बेपत्ता झाल्याची तक्रार दिली, तर लपवाछपवीने प्रकरण चिघळतं. वयाचा पुरावा घेऊन, वकिलासोबत, जवळच्या ठाण्यात जाऊन "मी माझ्या मर्जीने राहते" असा जबाब त्याच दिवशी द्यायचा. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. समुपदेशनाच्या नावाखाली कोर्टाने माणसाचं मन वळवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तिला केंद्रात झोपू देऊ नका, केंद्र निवारा नाही. दोन विश्वासू घरांची नावं आधीच ठरवलेली असावीत.

अठराखालच्या मुलांबाबत ढिलाई चालत नाही. पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली असा अत्याचार कळला की कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हा गुन्हा. मुलगा बोलायला लागण्याआधीच त्याला हे सांगा, नाहीतर त्याला विश्वासघात वाटतो. मोठ्यांच्या बैठकीत त्याला बसवू नका. बोलताना दोन मोठी माणसं, दार अर्धं उघडं, आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ भिंतीवर.

बाकी भांडणं आतलीच असतात. स्वयंसेवकाने नव्याने आलेल्याशी पहिले सहा महिने प्रेमप्रकरण करायचं नाही, हा नियम लेखी असू द्या. तो मोडला की दोघंही यायचे बंद होतात आणि सोबत त्यांचे चौघं मित्र. कार्यक्रमाचे फोटो पाठमोरेसुद्धा नकोत. गोव्यात माणूस शर्टावरून ओळखतात. पत्रकार आला तर बाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटा, आणि एकाच ठरलेल्या माणसाने बोला.

संध्याकाळी बंद करताना दोघांपैकी एकाने वह्या कुलपात टाकायच्या आणि दुसऱ्याने खुर्च्या, कपाट, संडास तपासायचा. विसरलेली ओळखपत्रं, बिलं, बसचे पास नेहमी सापडतात. ते पाकिटात घालून सांकेतिक क्रमांक लिहून ठेवा. त्या माणसाला फोन करताना त्याने ठरवून दिलेलं वाक्यच बोला: पुस्तक राहिलंय, घेऊन जा.